हाडाची पूड आणि गळ्यातली माळ

"पेरिओडोंटायटिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे हिरड्यांचा रोग आत उतरतो आणि दात धरून ठेवणारं हाडच खातो. एक्स-रेमध्ये माझ्या खालच्या चार दातांभोवती हाड जवळपास उरलंच नव्हतं. आणि मी इतके दिवस हिरड्यांतून रक्त येतं ते उष्णतेनं, असं समजून सब्जा पीत बसलो होतो!

माझं कामशेतला तांदळाचं दुकान. तोंडाला वास येई म्हणून गिऱ्हाइकाशी मान वळवून बोलत होतो. भाकरी तर कधीच सुटली होती.

उपाय एकच. हिरडी उघडून साफ करायची आणि खड्ड्यात बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची पूड भरायची. "नॅनो कणांची आहे. तिच्या आधारानं तुमचं हाड भरेल. नाहीतर चारही दात जातील," बाई म्हणाल्या.

आम्ही माळकरी. आई ऐकताच कडाडली, "जनावराचं हाड तोंडात घालून घेनार व्हय? मंग आदी माळ काढ."

झालं, इकडे आड तिकडे विहीर. बाईंना विचारायचीही लाज वाटे, हसतील म्हणून. दात हलत राहिले, मी तारीख पुढे ढकलत राहिलो. शेवटी पू यायला लागला तेव्हा विचारलं, पूड कशाची आहे.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाडात जे खनिज असतं, तेच प्रयोगशाळेत बनवतात. कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. जनावराचा संबंध नाही." घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंग कर बाबा."

ऑपरेशनला तोंड बधिर, चेहऱ्यावर कापड, ओठ ओढून धरलेला. पूड भरून झाली. तेवढ्यात बाई मदतनीस मुलीला म्हणाल्या, "आता पूड झाकायचा पडदा दे."

पडदा? तो कशाचा? हे विचारायचं राहिलंच की! जीभ हलेना. दुखलं तर हात वर करा, असं सांगितलं होतं. मी केला. बाईंनी आणखी एक इंजेक्शन दिलं! मग मी कापडाखालून माळ ओढून बाहेर काढली आणि बाईंना दिसेल अशी धरली.

बाई थांबल्या. "भाऊ, हाही बनवलेलाच आहे. नेहमीचा जनावराचा असतो. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, तेव्हाच हा मागवून ठेवला."

मला रडू आलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

एक दात गेलाच. बाकी तिन्हींभोवती हाड थोडं थोडं भरतंय, तपासण्या चालू आहेत. तुमच्यावर ही वेळ आली, तर लाजू नका. खुर्चीत बसून आ करण्याआधी तोंड उघडा.