रेगेकाकांचं ड्रेस्डेन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंप जळो, गच्ची गळो की कुणी जिन्यात चपलांचं कपाट ठेवो, रेगेकाका सभेत उभे राहायचे आणि विचारायचे, "ड्रेस्डेनला काय केलं माहितीय?" कंपनीने त्यांना एकदा काही महिने जर्मनीतल्या त्या शहरात पाठवलं होतं. तेवढ्या पुंजीवर त्यांनी उरलेलं आयुष्य आणि आमच्या सगळ्या सभा काढल्या.

ड्रेस्डेन आम्हाला आरतीसारखं पाठ होतं. चित्रांचं, राजवाड्यांचं शहर. युद्धात बॉम्ब पडले आणि होत्याचं नव्हतं झालं. मोठ्या चर्चचा ढिगारा कित्येक वर्षं तसाच पडून होता. मग लोकांनी तो उपसला, दगडांवर नंबर टाकले आणि नव्या भिंतीत जुने काळे दगड शोधून शोधून बसवले.

"आणि धुतले नाहीत हां," काका बजावायचे. "काळे दिसतात म्हणून तर कळतं, इथे काय होतं ते."

आम्हाला कळण्याची घाई नव्हती, टॉवरची होती. बिल्डिंग पाडून नवी बांधायला सगळ्यांनी सह्या दिल्या. राहिली फक्त काकांची. मनातल्या मनात मॉड्युलर किचन लावून बसलेले आम्ही त्यांना जिन्यात टाळू लागलो. शेवटी बिल्डर स्वतः मिठाई घेऊन आला. काका जास्तीची जागा मागणार, निदान पार्किंग तरी, अशी आमची खात्री होती.

"माझा उंबरा परत हवा," काका म्हणाले. "नव्या घराच्या दारात. आहे तसा."

काळ्या कडाप्प्याचा साधा उंबरा. काकू रोज सकाळी त्यावर हळदकुंकू वाहायच्या. त्या गेल्या, तरी दगडात मुरलेला पिवळा-लाल रंग राहिला होता. काका स्वतः कधी देवासमोर उभे राहिले नाहीत. "तिचं एवढंच उरलंय रे," ते मला म्हणाले. बिल्डरने इतक्या स्वस्तात सुटल्याच्या आनंदात त्यांना मिठी मारायचीच बाकी ठेवली.

ताबा मिळाला त्या दिवशी झेंडूची तोरणं होती, लॉबीत कृत्रिम धबधबाही होता. अकराव्या मजल्यावर सुपरवायझर अभिमानाने पुढे आला. उंबरा बरोबर जागेवर होता आणि त्यात आमचे चेहरे दिसत होते.

"लय डाग होते साहेब. मशीन लावून घासून घेतला. आता कोण म्हणेल जुना आहे?"

कमिटीने टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून दगडावर बोटं फिरवली, सुपरवायझरचे आभार मानले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बॉम्बनंसुद्धा एवढं साफ केलं नव्हतं रे."



दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काका दुखऱ्या गुडघ्यांवर बसून उंबऱ्याला हळद लावत होते, तीही वेडीवाकडी.

"काका, तुम्ही आणि पूजा?"

"पूजा कसली? बांधकाम चालू आहे. तिथे किती वर्षं लागली, माहितीय ना?"

काकांना तेवढी वर्षं मिळाली नाहीत. ते गेले, तेव्हा दगडावर जेमतेम पिवळसर झाक आली होती. मुलाने फ्लॅट भाड्याने दिला. भाडेकरू जोडपं सालस आहे, स्वच्छतेचं भोक्तं. परवा त्या मुलीने मला थांबवून विचारलं, "काका, उंबऱ्यावरचे डाग कशाने जातील हो?"

"ते जात नाहीत," मी म्हणालो. किती सहज जातात, हे मला चांगलं माहीत होतं.