सत्यभामाबाई जाझवाल्या

अकोल्याचे पुंजाजी वरातीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत, पण सांगताना स्वतःला जाझवाले म्हणवून घेत. "गानं जसंच्या तसं वाजवनारे शंभर भेटतात," ते म्हणत, "गान्यातून भटकून ठेक्यावर वापस येते, तो खरा." बायको सत्यभामा तीस वर्षं भाकरी थापत हे ऐकत होती. नुसती ऐकत नव्हती बरं. पावसाळ्यात लग्नं थांबली की पुंजाजी डाळमिलमध्ये कामाला जात आणि इकडे बाई सॅक्सोफोनच्या भोंग्यात लुगडं कोंबून दुपारभर फुंकायची. शेजारच्या मैनाबाईला वाटे, कुणाची तरी म्हैस अडली.

यंदा ऐन लग्नसराईत पुंजाजींच्या तोंडावरून वारं गेलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं. महिनाभरात बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. पण जठारपेठेतली वरात दोन दिवसांवर आलेली.

"मी जाईन वाजवाले," सत्यभामा म्हणाली.

"चूल फुकनं अन् सॅक्सोफोन फुकनं एकच हाय का वं?"

तिनं तिथल्या तिथं वाजवून दाखवलं. पुंजाजी भिंतीकडे तोंड करून झोपले. बाईचा जीव तर एवढ्याचसाठी तळमळत होता, की यांनी एकदा आपल्याला वाजवणारी म्हणून मोजावं.

ती गेलीच. नऊवारीवर बँडचा लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी. पुंजाजीही राहवेना म्हणून आले आणि स्पीकरच्या गाडीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसले.

चौकात घोडी अडली. तेच गाणं तीनदा वाजून संपलं. मग बाई गाणंच सोडून निघाली. वर चढली, खाली घसरली, भलत्याच गल्लीत शिरली. ढोलवाले खुशालराव घाबरून नुसता ठेका धरून राहिले. बाया पदर खोचून नाचू लागल्या. नवरदेवाला दम निघेना, तो उडी मारून खाली नाचायला आला. पाठीवरचं ओझं गेल्याबरोबर घोडी आपली आपण मांडवाकडे चालू लागली आणि वरात तिच्यामागे धावली. तेवढ्यात सत्यभामा नेमकी ठेक्यावर परत आली.

मांडवापाशी ती धापा टाकत गाडीजवळ गेली. पुंजाजींनी वाकड्या तोंडानंच सुरुवात केली.

"वापस याची घाई काहून केली वं? अजून दोन चकरा मारता आल्या असत्या. अन् वरच्या सुरावर दम तोडते काय कोनी?"

मिठावरून, चहावरून तिनं जन्मभर बोलणी खाल्ली होती. सुरावरून ही पहिलीच.

"आनखी बोला," ती म्हणाली.