नाना सर आणि स्वातंत्र्याचा पेपर

कॉलेजात प्रत्येक डिपार्टमेंटकडे काही ना काही असतं. केमिस्ट्रीकडे लॅब आहे, स्पोर्ट्सकडे मैदान आहे. आमच्या तत्त्वज्ञानाकडे अमळनेरच्या उन्हात तापणारी एक खोली, तीन शिक्षक आणि भरपूर किस्से. विद्यार्थी कमी होत गेले तसे किस्से वाढत गेले. तिघांपैकी एक मी, दुसऱ्या वाघ मॅडम आणि तिसरे आमचे हेड, नाना सर. किस्से बहुतेक त्यांचेच, आणि तेही एकाच पेपरचे : मानवी स्वातंत्र्य.

*

हा पेपर पहिल्यांदा शिकवायला घेतला तेव्हा सरांनी वर्गात जाहीर केलं, की स्वातंत्र्यावरच्या तासाला सक्ती शोभत नाही, ज्याला मनापासून वाटेल त्यानेच यावं. दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. सर खूश होते. पोरांना विषय समजला, म्हणाले.

पुढच्या तासाला मात्र एक पोरगा येऊन बसला. सरांनी त्याला का आलास म्हणून विचारलं. तो म्हणाला, "सर, गावाची एसटी दुपारी आहे. तोवर कुठे बसू?"

हे काही स्वेच्छेने येणं नव्हे, असं सरांनी त्याला समजावलं आणि शिकवायला नकार दिला. एसटीची वेळ होईपर्यंत दोघं समोरासमोर गप्प बसून राहिले.

*

एका शनिवारी सर डिपार्टमेंटमध्ये वाचत बसले होते. आत कुणी नाही असं समजून शिपायाने बाहेरून कुलूप लावलं. संध्याकाळी मी विसरलेलं हेल्मेट न्यायला आलो, तेव्हा खिडकीतून सर दिसले. धावपळ करून किल्ली आणली, दार उघडलं, तर सर निवांत. आपण कोंडले गेलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

कळल्यावर मात्र ते अस्वस्थ झाले. मग दुपारभर मी स्वतंत्र होतो की नव्हतो? सोमवारी यावर चर्चा बसली. वाघ मॅडम म्हणाल्या, तुम्हाला बाहेर जायचंच नव्हतं, तर अडवलं कुणी? मी म्हणालो, उठून दारापर्यंत गेला असतात तर कळलं असतं. चहा गार झाला तरी निकाल लागेना.

शेवटी सर म्हणाले, "पुन्हा लावा कुलूप. या वेळी मी लक्ष ठेवतो."

आम्ही लावलं. खुर्ची तीच, पुस्तक तेच. पण पाच मिनिटांत आतून दार वाजायला लागलं. सरांना लघवीला लागली होती. मॅडमनी बाहेरून शांतपणे विचारलं, "सर, हे शरीरामुळे, की कुलपामुळे?"

आतून उत्तर आलं, "आधी उघडा. मग सांगतो."

*

वक्तृत्व स्पर्धेचा विषय सरांनीच दिला होता : माणूस स्वतंत्र आहे का? कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठी काढून ठरायचं. चाळीसगावची एक मुलगी माइकपाशी आली आणि म्हणाली, "मला 'स्वतंत्र आहे' या बाजूने बोलायचं होतं. चिठ्ठीत 'नाही' आलं. माझं भाषण संपलं."

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

*

परीक्षेत दोनपैकी एक प्रश्न सोडवायचा होता. दुसरा होता निवडीच्या स्वातंत्र्यावर. एकाने उत्तराची सुरुवात अशी केली होती : 'मी हा प्रश्न निवडलेला नाही. पहिला येत नव्हता.'

सरांनी पुढचं उत्तर वाचलंच नाही. पूर्ण मार्क दिले.

*

सरांच्या मुलीचं, मेधाचं, धुळ्याच्या पारसशी जमलं. पारसचं घर मारवाडी, बाजारात कापडाचं दुकान. दोन्ही घरांत सगळे राजी. मेधाने फक्त रीत म्हणून वडिलांची परवानगी मागितली, आणि तिथे घोडं अडलं.

सर म्हणाले, परवानगी देणारा मी कोण? परवानगी दिली म्हणजे ती नाकारायचाही हक्क मला आहे, असं होतं. मेधाही त्यांचीच मुलगी. बाबांच्या तोंडून हो आल्याशिवाय करणार नाही, म्हणाली.

पारसचे वडील मिठाई घेऊन आले. "मी कोण परवानगी देणारा?" हे ऐकून त्यांना वाटलं, हा सभ्य माणसाचा नकार आहे. बिचारे परत गेले. सरांची थोरली बहीण गावाहून आली. तिने सुनावलं, "हा म्हनी दे ना भाऊ, बठ्ठा वाट पाही राहिनात." सगळे वाट पाहत होते हे सरांनाही दिसत होतं. पण तत्त्वाचा प्रश्न होता.

महिने गेले. धुळ्याला पारससाठी दुसरी स्थळं यायला लागली, तशी मेधा रडकुंडीला आली. एक दिवस ती सरांसमोर बसली. "बाबा, परवानगी देता येत नाही, कबूल. मग मनाई तरी करा."

मनाई करायचा तरी मला काय हक्क, सरांनी विचारलं.

"नाहीच. म्हणून तर मी ती मोडणार आहे."

सरांना हा तर्क पटला. मग म्हणाले, "मनाई आहे." मेधाने त्यांच्या पाया पडून लगेच धुळ्याला फोन लावला.

लग्नाला मी आणि वाघ मॅडम गेलो. हॉलच्या दारातच सर उभे होते. डोक्याला फेटा, हातात गुलाबपाणी, डोळे भरलेले. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "या, या. माझा विरोध आहे. जेवून जा."