बारूद नसलेलं काडतूस

अमेरिकेतलं माझं पहिलं लायसन्स गाडी चालवायचं नव्हतं, शिकारीचं होतं. नागपूरहून बी.फार्म. करून ॲन आर्बरला औषधांवर पीएचडी करायला आलेली मी. आयुष्यात कधी गलोलसुद्धा हातात धरली नव्हती. पण ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी एक मुंबईची मैत्रीण भाड्यानं राहत होतो, त्या घराच्या मालकांची अट होती: तळघरात काडतुसं भरायला हात लावायचा तर आधी सेफ्टीचा क्लास, मग परीक्षा, मग लायसन्स. मी तिन्ही केलं. परीक्षेत माझ्या शेजारी बसलेला बारा वर्षांचा मुलगा माझ्यापेक्षा आधी पेपर देऊन उठला, ते मी घरी कोणाला सांगितलं नाही.

मालक सत्तरीचे. कारखान्यात लोखंडी साचे बनवण्यात हयात गेलेली. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर दोघांनाही ते आवडलं, आणि काका तर फोनवरसुद्धा स्वतःची तशीच ओळख करून द्यायचे.

ही गोष्ट २००४ ची. काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकवायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती. म्हणून त्यांनी हरणाच्या शिकारीसाठी एक पिस्तूल घेतलं. लांब नळीचं, वर दुर्बीण, मधून मोडून उघडायचं आणि आत एकच काडतूस ठेवायचं. नेम चुकला तर दुसरी संधी नाही. आदल्या नोव्हेंबरात त्या पिस्तुलानं त्यांनी एका हरिणीवर गोळी झाडली. ती जखमी झाली आणि पळाली. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आणि दुसरा अख्खा दिवस काका-काकूंनी तिला शोधलं. ती सापडली नाही. घरी आल्यावर काकूंनी पिस्तुलाच्या कपाटाची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि चहाची एक बशी कागदावर उपडी ठेवून पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढला. "पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, पन्नास पावलांवरून, पाचच्या पाच गोळ्या या गोलात," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वर्षी शिकार नाही. आणि पुढच्या वर्षी नाही म्हणजे कधीच नाही."

वयाच्या चौदाव्या वर्षापासून काकांनी जंगलातला एकही नोव्हेंबर चुकवला नव्हता. म्हणजे प्रश्न एका हरणाचा नव्हताच.

काकांचं म्हणणं एकच होतं: हाताचा दोष नाही, काडतुसाचा आहे. दुकानातलं काडतूस सगळ्यांसाठी बनवलेलं असतं, आपण भरलेलं आपल्या पिस्तुलाच्या तब्येतीचं असतं. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत तोलून घातलेलं बारूद, तोंडाशी गोळी. गोळीचं वजन बदला, बारूद चिमूटभर कमी-जास्त करा, आणि कधीतरी अशी जोडी जमते की सगळी भोकं एकाच जागी पडतात. ही जोडी शोधण्यात त्यांचा उन्हाळा चालला होता. एकदा मी कपडे धुवायला तळघरात गेले तर हे गृहस्थ बारूद तोलत होते आणि बाजूला टेबलफॅन भिरभिरत होता. माझ्यातल्या फार्मसिस्टला राहवलं नाही. "काका, तुम्ही बारूद तोलताय की वारा?" मी विचारलं. त्यांनी पंखा बंद केला, पुन्हा तोललं, काट्याकडे बघितलं आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

मग काय, संध्याकाळी लॅबमधून आले की मी तळघरात. मला ते काम मनापासून आवडायचं. तराजूचा काटा थरथरत शून्यावर येऊन थांबतो तेव्हा जे सुख होतं, ते माझ्या थीसिसनं मला त्या वर्षी एकदाही दिलं नाही. आईला मात्र फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली, "काय करून राहिली तू तिकडे? रोज सकाळी पंचशील म्हणतेस ना?"

"म्हणते. आणि रविवारी बाबा मटणाच्या दुकानासमोर उभे राहतात, तेही पंचशील म्हणूनच उभे राहतात ना?"

"तोंड चालवू नको. ते जनावर तडफडत जंगलात मरायला जात नाही."

आई हे बोलायला बोलली, आणि माझ्या मनात ते रुतलं. काकूंची बशी त्यासाठीच होती.

रविवारी काकू सरावापुरतं कपाट उघडून द्यायच्या आणि आम्ही काकांच्या पिकअपमधून गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचो. मी वहीत तक्ता केला होता: तीन जातीची काडतुसं, जोरकस, मध्यम आणि सौम्य. पन्नास पावलांवर तिन्ही हरणाला पुरेशी होती. पण काकांचा जीव जोरकसवर. सौम्याला ते "पोरांचा खाऊ" म्हणायचे आणि त्याच्या दोन-तीन गोळ्या झाडून सोडून द्यायचे. जोरकसची भोकं सगळ्या कागदभर. बरीचशी खाली आणि डावीकडे. काकांनी आधी बारूद बदललं, मग गोळी बदलली, मग दुर्बीण काढून पुन्हा बसवली, शेवटी वाऱ्यालाही बोल लावला. मला मात्र संशय त्यांच्या हाताचाच होता. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, यार. तू त्यांना डायरेक्ट सांगत का नाहीस?"

सांगून ऐकणारे असते तर काका कसले! आणि माझा स्वभावही असा की सांगण्यापेक्षा दाखवून द्यायची खाज जास्त. आमच्या शास्त्रात नव्या औषधाची परीक्षा घेताना कोणाला खरं औषध मिळालं, कोणाला साधी पिठी मिळाली, हे रोग्याला कळू देत नाहीत. मी ठरवलं, इथंही तेच करायचं. शेवटच्या रविवारच्या दोन आठवडे आधी मी काकांना म्हटलं, "आज काडतूस मी घालणार. तुम्ही तिकडे बघायचं. कुठलं आहे ते विचारायचं नाही." काकांना ही शास्त्रीय भानगड आवडली. त्यांनी पिस्तूल उघडून धरलं, मान फिरवली, मी वाटीतून चिठ्ठी उचलली आणि चिठ्ठीत निघेल ते काडतूस आत सरकवलं.

पण त्या वाटीत तीन नाही, चार प्रकारच्या चिठ्ठ्या होत्या. चौथी माझी पिठी: बारूद नसलेलं, आधीच फुटलेल्या टोपीचं मुकं काडतूस. हे मी काकांना सांगितलं नव्हतं.

पाचव्या खेपेला ते निघालं. काकांनी नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. टक् असा आवाज झाला. धक्का नाही, धूर नाही, आणि पिस्तुलाची नळी मात्र आपोआप वीतभर खाली आपटली, जणू कोणी तिला वरून टपली मारली होती. आवाजाच्या आधीच काकांचा हात दचकला होता. ते त्यांनी स्वतः बघितलं. मी बघितलं. शेजारच्या बाकावरच्या माणसानंही बघितलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

न उडालेला बार उशिरा उडू शकतो, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी नळी समोरच धरून मनात तीस आकडे मोजले. मग पिस्तूल उघडून काडतूस कानाशी हलवलं. "बारूद घालायला विसरलीस," ते म्हणाले.

"विसरले नाही, काका. मुद्दाम नाही घातलं."

परतीच्या वाटेवर काकांनी रेडिओ लावला आणि मोठा केला. हात दाखवून अवलक्षण झालं होतं माझं. सत्तर वर्षांच्या माणसाला चारचौघांत असं उघडं पाडायला नको होतं. आधी विचारायला हवं होतं, एकट्यात करायला हवं होतं. दोन दिवस मी तळघराच्या जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. मला फार वाईट वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी काकांनी आमचं दार वाजवलं. हातात पितळी पुंगळ्यांचा डबा. "ती मुकी कर अजून," ते म्हणाले. "डझनभर."

पुढचे दहा दिवस आम्ही रोज रेंजवर. मी जिवंत आणि मुकी काडतुसं मिसळून घालायची, काका चाप ओढायचे, दोघं नळीकडे बघायचो. जोरकसच्या फेरीत मुकं आलं की नळी खाली. मध्यमला थोडी कमी. सौम्याच्या फेरीत चौथ्या दिवशी टक् झालं आणि नळी होती तिथेच राहिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मग काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काकू स्वतः आल्या, कागद स्वतः लावला. पोरांचा खाऊ, पाच गोळ्या. पाचवी पेन्सिलीच्या रेघेवर बसली होती. काकूंनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि पर्समधून किल्ली काढून काकांच्या खिशात टाकली. काकूंइतकं त्या दिवशी कोणीच खूश नव्हतं, मीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात मी काकांच्या शेजारी शिकाऱ्यांना सक्तीचं असलेलं केशरी जाकीट घालून थंडीनं कुडकुडत बसले होते. सकाळी पहिलं हरीण आलं, ते आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं. समोरून गोळी नीट बसत नाही, म्हणून काकांनी पिस्तूल उचललंच नाही. तासाभरानं दुसरं आलं, आडवं, चाळीस पावलांवर. काकांचे हात स्थिर होते. आवाज झाला. हरीण आठ-दहा ढांगा टाकून खाली बसलं आणि पुन्हा हललं नाही. तडफडलं नाही. माझे हात जोडले गेले होते. काकांनी टोपी काढली होती. मला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

दुपारी हरणांची नोंद करतात त्या ठिकाणी पिकअपांची रांग लागली होती. पुरुषांचा घोळका, कोणाचं काडतूस किती दांडगं याच्या बढाया. एका आडव्या अंगाच्या दाढीवाल्यानं काकांचं पिस्तूल बघून विचारलं, "लोड कुठला? काडतूस कसं भरलंय?"

"हिला विचारा," काका म्हणाले.

सगळी केशरी जाकिटं माझ्याकडे वळली. मी सांगितलं. दाढीवाल्यानं भुवया उंचावल्या. "हलका नाही का हा, तुमच्यासारख्या माणसाला?"

"हलका आहे," काका म्हणाले. "मी दचकतो. मोठं काडतूस असलं की आवाजाआधीच माझा हात खाली जातो. कितीतरी वर्षं जात असणार. हिनं दाखवलं तेव्हा कळलं."

घोळका हळूहळू पांगला. दाढीवाला मात्र तिथंच थांबला, बुटानं बर्फ उकरत. आसपास कोणी नाही असं बघून त्यानं मला हळूच विचारलं, ती बारूद नसलेली काडतुसं मी त्याच्यासाठीही दोन-चार करून देईन का.