सहा वाजून दहा मिनिटांचे देशभक्त

कुमुद नलवडे दिल्लीत आमच्या केंद्रीय मंत्रालयात बारा वर्षांपूर्वी अनुकंपेच्या नोकरीवर आली. मूळची गडहिंग्लजजवळच्या खेड्यातली. नवरा गुणवंत फौजेत हवालदार होता. उत्तर सिक्कीममध्ये रस्ता खचला, ट्रक दरीत गेला, त्यात तो गेला. कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते आणि पुढची फाइल ओढते. तिचं टेबल माझ्या शेजारी. म्हणूनच गेल्या लोकसभेच्या वेळी जे झालं, त्यात थोडा दोष माझाही आहे.

मी दिल्लीतल्याच द्वारका भागात एका सोसायटीत राहते. आमचे अध्यक्ष जयदीप मोकाशी, निवृत्त डायरेक्टर. नोकरीत असताना त्यांना देशाची कधी आठवण झाल्याचं ऐकिवात नाही. पेन्शन सुरू झाली आणि देशाची काळजीही. मे महिन्यात त्यांनी मोहीम काढली, 'एक मत जवानांसाठी'. गेटवर सहा फुटी पुठ्ठ्याचा जवान उभा केला, शेजारी सेल्फीची चौकट. आमचा चौकीदार स्वतः माजी सैनिक आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उन्हानं पुठ्ठा वाकायला लागला तेव्हा त्यावर छत्री बांधायचं काम मात्र त्यालाच दिलं.

"वीणाताई, तुमच्या ऑफिसात एक वीरपत्नी आहेत ना? आणा की त्यांना. आपल्या मराठी माणसाचा सत्कार आपण नाही तर कोण करणार?" मोकाशी म्हणाले.

मी आणलं. मूर्खपणा माझाच.

स्टेजवर जायच्या आधी शिवांगीबाई, म्हणजे मिसेस मोकाशी, कुमुदच्या कानाशी लागल्या. "लढतानाच गेले ना हो?"

"नाही. ट्रक दरीत पडला."

बाईंचा चेहरा असा उतरला, जणू पाहुणीच चुकीची आली. पण मोकाशी कसलेले. त्यांनी भाषणात तो ट्रक अलगद बाजूला केला. "सीने पर गोली खाई, मगर पीछे नहीं हटे!" टाळ्या कडाडल्या. कुमुद मांडीवरच्या शालीकडे बघत बसली. मग शपथ झाली. आम्ही मतदान करून जवानांना सलाम करू. दोनशे हात वर. माझाही.

परतताना मी म्हटलं, "अगं, तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? त्यांना ट्रकमधलं मरण पुरत नाही. गोळी हवी." थोड्या वेळानं तीच म्हणाली, "गुणवंतला मत द्यायची फार हौस होती. पोस्टानं कागद यायचा त्याचा. एकदा तो पोचला तो निकाल लागल्यावर. हा हसला, आणि त्याच कागदाच्या पाठीवर मला पत्र लिहिलं."

बारा वर्षांत तिनं मला सांगितलेली ही सगळ्यात लांब गोष्ट.

चार दिवसांनी तिची निवडणुकीची ड्यूटी पक्की झाली. केंद्राध्यक्ष म्हणून. केंद्र कुठलं? आमच्याच सोसायटीमागची शाळा. तिचं स्वतःचं मत रामकृष्णपुरमला, म्हणून ट्रेनिंगच्या दिवशीच तिनं टपाली मतपत्रिका भरली. "सेम लिफाफा गं," एवढंच म्हणाली. लिफाफा चिकटवून झाल्यावरही तिचं बोट बराच वेळ कडेवरून फिरत होतं.

मतदान शनिवारी. शनिवार-रविवार जोडून सुट्टी म्हटल्यावर आमची अर्धी शपथ शुक्रवारीच डोंगरात गेली. मोकाशी दांपत्य लॅन्सडाउनला. सकाळी ग्रुपवर त्यांचा फोटो आला, युद्धस्मारकासमोर, गॉगल लावून, सॅल्यूट करताना. खाली लिहिलेलं: 'घरों से निकलिए! जवान धूप नहीं देखता.' छप्पन्न जणांनी हात जोडले. मतदानाला किती निघाले, ते ग्रुपवर दिसत नाही.

मीही काही थोर नाही. ऊन उतरल्यावर, साडेपाचला गेले. आत कुमुद, ओठ सुकलेले, साडी घामानं चिकटलेली. माझ्याकडे पाहून ओळखीचं हसलीसुद्धा नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. मी मत देऊन बाहेर सावलीत पाणी पीत थांबले.

सहाला तिनं फाटकाशी येऊन रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या आणि फाटक लावून घेतलं. सहा वाजून दहा मिनिटांनी मोकाशींची गाडी आली.

फाटकावर निमलष्करी दलाचा एक जवान होता. पहाटेपासून तो शेहेचाळीस डिग्रीत उभा. मोकाशींनी त्याच्या छातीसमोर बोट नाचवलं. "खोल! तू जानता है मैं कौन हूँ?"

"साहब, टाइम हो गया."

"टाइम तू मुझे सिखाएगा? नौकरी से जाएगा!"

आवाज ऐकून कुमुद बाहेर आली. शाल नाही, गजरा नाही, गळ्यात ओळखपत्र. मोकाशींनी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. ओळखपत्रावरचं आडनाव तेवढं वाचलं.

"नलवडे? अरे वा, मराठी! मग सांगा ना याला. हायवेवर जाम होता हो. दहा मिनिटांनी काय बिघडतं?"

"सहाच्या आत जे रांगेत होते, त्यांना चिठ्ठ्या दिल्या. आता कुणाला आत घेता येणार नाही."

"मॅडम, आम्ही जवानांसाठी एवढी मोहीम केली! मागच्याच आठवड्यात एका शहिदाच्या पत्नीचा मी स्वतः सत्कार केला."

"हो का?" कुमुद म्हणाली. "नाव काय त्यांचं?"

मोकाशी अडखळले. बायकोकडे वळले. बाई गाडीच्या एसीत मोबाइल बघत होत्या. "सातारच्या होत्या कुणीतरी. नाव महत्त्वाचं नाही, भावना महत्त्वाची!"

"भावनेला इथं बटण नाही," ती म्हणाली. मग जवानाकडे वळून, "भैया, आप छाँव में आ जाइए. पानी पी लीजिए." आणि आत गेली.

मी मोकाशींना काय ते ऐकवायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आमच्या पार्किंगचा वाद त्यांच्याकडे पडून होता. मिटलं.

त्या केंद्रावर अकराशे अठरा नावं होती. मतं पडली तीनशे एक्याण्णव.

सोमवारी मोकाशींनी तक्रार केली. केंद्राध्यक्ष उद्धट, ज्येष्ठ नागरिकाचा हक्क हिरावला, वगैरे. दोन पानं. कुमुदकडे खुलासा मागितला गेला. तिनं लिहिलं, 'फाटक सहा वाजता बंद केले. तक्रारदार सहा वाजून दहा मिनिटांनी आले.' साहेबांनी वाचलं, विचारलं, "बस, इतना ही?" ती म्हणाली, "हुआ ही इतना, सर." तक्रार दप्तरी दाखल झाली.

पुढच्या फेब्रुवारीत विधानसभा आली. ड्यूटीची यादी लागताच आमच्या सेक्शनला एकाएकी पाठीचे, गुडघ्यांचे आजार जडले. मीही ओळखीच्या डॉक्टरकडून स्लिप डिस्कचा कागद आणला. जोडीला कुमुदचाही आणते म्हटलं, तर म्हणाली, "नको गं. मला जायचंय."

मतदानाच्या आदल्या दिवशी भर थंडीत ती मशीनची पेटी घेऊन बसमध्ये चढली. मी घरी रजईत होते, चांगली धडधाकट.