कानाच्या रेषेत

मेंदूच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरला सगळे ‘पारा’ म्हणत, कारण ती बघता बघता चढायची. बाप नळ जोडणारा, पान्याने मारायचा. त्याच्याकडून ती दोनच गोष्टी शिकली: मार चुकवणं, आणि वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं तर खालून जोर लागतो हे.

त्या दिवशी खाटेवर एक रुग्ण होता, दोन भावांतला धाकटा. सामाईक भिंतीच्या भांडणात थोरल्याने डोक्यात राख घालून त्याच्या कवटीत पहार हाणली होती.

“मेंदू म्हणजे वरचा भाडेकरू,” पारा धाकट्याच्या बायकोला सांगत होती. “कवटीत सूज आली की त्याचा नळ आवळला जातो. रक्ताच्या दाबातून कवटीतला दाब वजा केला की उरतो तो त्याच्या वाट्याचा. साठाच्या खाली गेला की तो उपाशी.”

पडद्यावर एकसष्ट होते.

तेवढ्यात थोरला दारात आला. धाकट्याचा मेहुणा, त्याच्या बायकोचा भाऊ, स्टुलावरून उठला.

“पहार विसरलास वाटतं घरी?” म्हणत त्याने थोरल्याची गचांडी धरली आणि त्याला खाटेजवळच्या सलाईनच्या स्टँडवर आपटलं. बाटली फुटली. मध्ये पडलेल्या पाराच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फाटला.

“बाहेर जाऊन फोडा एकमेकांची डोकी,” ती रक्त थुंकत म्हणाली. “इथं एकच खाट रिकामी आहे.”

रखवालदाराने आणि धाकट्याच्या बायकोने मेहुण्याला दारापाशी दाबून धरलं. पाराने पडद्याकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. सत्तरच्या वर गेला तर दाब चढवणारं औषध कमी कर, असं सांगून डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. तिने कमी केलं. आकडा सहासष्टवर आला. ठीकच होता.

धाकट्याची पापणी उचलली तर बाहुली मोठी झालेली, म्हणजे मेंदू उपाशी होता.

मग तिला दिसलं. रक्ताचा दाब मोजणारी डबी रुग्णाच्या कानाच्या रेषेत हवी, ती झटापटीत स्टँडवरचा चिमटा तुटून वीतभर खाली लोंबत होती. खाली गेलेली डबी आकडा फुगवून सांगते. हे ठाऊक असूनही तिने आकड्यावर विश्वास ठेवला होता. डबी वर धरताच पडद्यावर एकोणपन्नास उमटले.

औषध वाढवायला दोन्ही हात हवे होते. जवळ फक्त थोरला होता, कपाळातून रक्त गाळत बसलेला.

“ऊठ. हे धर, याच्या कानाच्या रेषेत. खाली गेलं तर आकडा मला खोटं सांगेल आणि हा मरेल.”

थोरल्याने डबी धरली. मेहुणा दारापाशी दोघांना ढकलून आला आणि त्याने थोरल्याच्या पाठीत, बरगड्यांत, मानेवर गुद्दे घालायला सुरुवात केली. थोरला कण्हला. गुडघे वाकले तशी त्याने दुसऱ्या हाताने खाटेची कड पकडली. डबीचा हात तसाच ठेवला.

चोपन्न. सत्तावन्न.

मेहुण्याने स्टूल उचललं. बायकोने झेप घेऊन ते दोन्ही हातांनी धरलं.

“सोड गं. नवऱ्याचं डोकं फोडलंय त्याने.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “थांब दादा. त्याचा हात हलेल.”