आत्याचा शनिवार

स्वतःला एकही खेळ येत नसताना गावभरच्या पोरींना खेळ शिकवण्यात माझ्या आत्याचा हात धरणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचं नाही. लंगडी घालताना तिसऱ्या उडीला तिचे दोन्ही पाय टेकतात, खो-खोत तोंड कुणीकडं करून बसायचं हे तिला आजही पोरींना विचारावं लागतं आणि चेंडू अंगावर आला की ती डोळे गच्च मिटून घेते. वालूरजवळच्या आमच्या गावात उभी हयात अंगणवाडी चालवून ती निवृत्त झाली, तेव्हा आता आत्या निवांत बसेल असं आम्हा घरच्यांना वाटलं. पुढच्याच शनिवारी तिनं पदर खोचला, माझ्या भावाचे जुने बूट पायात चढवले आणि विहाराच्या अंगणात पोरी गोळा केल्या.

खेळ सगळे जुनेच, नियम मात्र तिचे. बाद झालेल्या पोरीनं गुपचूप बाहेर बसायचं नाही. मधोमध उभं राहून मोठ्यानं बोलायचं. आज कशाचा राग आला, मोठेपणी काय व्हायचंय, पाळीत पोट दुखलं तर घरात कुणाला सांगतेस, असं काहीही आत्या विचारायची. सुरुवातीला बोलायच्या धास्तीनं पोरी बादच होईनात आणि एकेक डाव तास तास लांबायचा. पुढं बोलायची अशी गोडी लागली की जी ती मुद्दाम बाद व्हायला लागली. शेवटी आत्याला नियम उलटा करावा लागला : टिकेल तिनंच बोलायचं.

पोरींना घरातून बाहेर काढायची तिची तऱ्हा तर त्याहून न्यारी. एखादी आई म्हणाली, "तिला काम हाय," तर आत्या अजिबात वाद घालायची नाही. "बरं, मी करते तिचं काम," म्हणून सरळ मोरीवर बसायची आणि भांडी घासायला लागायची. वयानं मोठ्या बाईला आपल्याकडं भांडी घासताना बघून त्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात आत्या घासायचीही इतकी वाईट, की ती गेल्यावर सगळी भांडी पुन्हा घासावी लागत. चार-पाच घरांत हे घडल्यावर शनिवारी दुपारी चारच्या आत गावातल्या पोरींची कामं आपोआप उरकायला लागली.

पायल ही त्या पोरींमधली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात अबोल. गावात शाळा आठवीपर्यंतच, म्हणून नववीला ती वालूरला जायची. संध्याकाळची एसटी कधी यायची, कधी नाही. नाही आली की दिवेलागणीपर्यंत पायपीट करत घरी. तिच्या वडिलांनी शाळा बंद करायचं ठरवलं आणि एका शनिवारी तसं सांगायला ते स्वतःच विहारात आले. मी तेव्हा मानवतहून आत्याकडं आले होते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रिंगणात आलेल्यानं खेळायचं असतं, बस खाली. लहानपणी तिच्याच अंगणवाडीत वाढलेला तो माणूस. नाही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. मुकाट मांडी घालून बसला.

टाळ्या वाजतील तोवर चेंडू फिरवायचा, थांबल्या की ज्याच्या हातात असेल त्यानं बोलायचं. टाळ्या वाजवणारी आत्या, तीही डोळे मिटून. टाळ्या थांबल्या तेव्हा चेंडू पायलच्या हातात होता.

"बाबा, मला शाळा सोडायची न्हाई," ती म्हणाली. "एसटीचा भरोसा न्हाई, तर मी सायकलवरच जाईन-येईन. तुमची सायकल द्या मला."

आत्यानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. चेंडू वडिलांकडं गेला. त्यांनी तो हातात उलटासुलटा केला. मला वाटलं, आता फेकून उठतात.

"त्या सायकलीचे ब्रेक खराब हायेत," ते म्हणाले.

सोमवारी वालूरला जाऊन त्यांनीच नवे ब्रेक टाकून आणले. पंधरा दिवस आत्या कॅरिअर धरून पायलच्या मागं धावली. पायल एकदा पडली, आत्या चारदा. दिवाळीनंतर पायलच्या मागं आणखी तीन सायकली वालूरच्या रस्त्याला लागल्या.

पायल आता परभणीला नर्सिंगला आहे. आत्याचे गुडघे गेलेत, तरी शनिवारी ती अंगणात खुर्ची टाकून बसते. परवा गेले, तर एक अकरा वर्षांची चिमुरडी तिला म्हणाली, "आजी, तुमी जरा बाजूला सरका, आमी रेघ आखायलोत." आत्यानं मुकाट्यानं खुर्ची सरकवली. पोरींनी आपसात भांडून नवा नियम केला, मोडला, पुन्हा केला. आत्याला कुणी विचारलं नाही. "लय शाण्या झाल्यात," ती मला म्हणाली. आवाजात तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. उन्हं कलल्यावर पोरी कलकलाट करत रस्त्यानं निघाल्या. मी तिचा हात धरला, म्हटलं, चल आत्या, आता घरी जाऊ.

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून आवाज यायलाय त्यांचा."